माशी न बसलेली मळी

मनातून पुसावीत म्हटलं तरी पुसली जात नाहीत अशी काही प्रकरणं प्रत्येक पोलिसाच्या नोकरीत असतात. माझ्यासाठी तसं एक प्रकरण म्हणजे राहूजवळच्या ओढ्यातलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

उन्हाळ्यातली सकाळ होती. हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात फोन वाजला. ठाणे अंमलदाराने उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, राहूच्या वाटेला मळीचा टँकर ओढ्याशी कलंडलाय. लोक लुटतायत म्हणे. बंदोबस्त मागतोय."

"कोण बोलतंय?"

"नाव विचारलं तर ठेवला."

साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. पाटसच्या बाजूने तिचे टँकर आमच्या हद्दीतून कायम जायचे. शेतकरी ती जनावरांच्या वैरणीवर शिंपडतात, म्हशी मिटक्या मारत खातात. टँकर कलंडला की लोक डबे घेऊन धावणार हे उघड होतं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. अपघात पाहिलेला माणूस आधी 'कोणी मेलंय का' ते सांगतो. याला आधी लुटीची काळजी, आणि स्वतःचं नाव सांगायची चोरी. निघताना मी वायरलेसवरून औद्योगिक वसाहतीतली अग्निशमन गाडी मागवली. टँकर म्हटला की ती बोलवायची, ही आमची रीतच होती.

ओढ्यावर पोचलो तर टँकर कलंडलेला नव्हताच. रस्त्याच्या कडेला उतारावर नीट लावलेला होता, मागचा वॉल्व्ह उघडा. टाकीवर ठळक अक्षरांत 'मळी' रंगवलेलं. काळा, दाट द्रव खालच्या कोरड्या पात्रात साचत होता आणि त्यावर पातळ धुरकट वाफ हलत होती. काठावर पन्नाशी उलटलेला एक शेतकरी पालथा पडला होता, हातात प्लास्टिकचा डबा. त्याच्या पुढे त्याचं कुत्रं आडवं होऊन पाय झाडत होतं.

त्या शेतकऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांचा धाकटा भाऊ लोकांच्या हातातून सुटायला बघत होता. "सोडा मला! आबा हलतोय अजून! मी आनतो त्याला!"

मी त्याचा दंड धरला. "कुत्र्याकडे बघ. तू खाली उतरलास तर तिसरा पडशील."

"मग बगत बसू व्हय? तुमचा भाऊ असता तर?"

मी त्याला फक्त धरून ठेवलं.

तेवढ्यात आगीची गाडी आली आणि आमच्यापासून बरीच लांब थांबली. मग चक्क मागे वळली, शेताच्या बांधाने वळसा घालून पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. लोकांनी शिव्यांची लाखोली सुरू केली. मलाही संशय आला. गाडी वसाहतीतली, टँकरही बहुधा तिथल्याच कोणाचा. कोणाला सांभाळून घ्यायला आले आहेत हे लोक? मी तरातरा तिकडे गेलो.

फायर ऑफिसर माझ्याच वयाचा, शांत माणूस. गाडीवरचा फडका वाऱ्यावर कुठे उडतोय ते तो बघत होता.

"अहो, माणूस मरतोय तिकडे," मी म्हणालो.

"म्हणूनच वारा पाठीशी घेतला. तुमची जीप वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी आहे. आधी ती काढा आणि लोकांनाही इकडे आणा."

"मळी आहे ना ती?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टाकीवर लिहिलंय."

तो माझ्याकडे बघून किंचित हसला. "पोलीस असून लिहिलेलं खरं मानता? मळी सांडून एवढा वेळ झाला. एक तरी माशी दिसतेय का?"

मी डोळे ताणून पाहिलं. मळीचा थेंब सांडला तरी माशा, मुंगळे, मधमाश्या कुठून येतात कळत नाही. इथे एवढं डबकं साचलं होतं आणि त्यावर एकही माशी घोंघावत नव्हती.

त्याच्या दोन माणसांनी पाठीवर हवेचे सिलिंडर चढवले, तोंडावर मुखवटे, हातांत लांब रबरी मोजे, पायांत गमबूट. मग दोघे एकमेकांचे पट्टे ओढून तपासत बसले. तिसरा तसाच तयार होऊन मागे उभा राहिला, दोघांपैकी कोणी पडला तर काढायला. इकडे आबांचा भाऊ रडत होता आणि हे पट्टे तपासत होते. मला अक्षरशः गचांडी धरून त्यांना खाली ढकलावंसं वाटलं. फायर ऑफिसर माझ्याकडे न बघता म्हणाला, "घाईत उतरलेले लोक मी उचलून आणलेत, साहेब. ते आधी पडलेल्याच्या शेजारीच पडलेले असतात."

ते दोघे उतरले आणि आबांना घेऊन वर आले. वर येताच आबांचे कपडे कापून काढले, होजच्या पाण्याखाली धरलं. उचलून आणणाऱ्या दोघांनाही तसंच धुतलं. डबक्यावर मात्र थेंब पाणी मारू दिलं नाही. सरपंच तावातावाने पुढे आले. "मानसावर पानी मारताय आन् त्या घाणीवर न्हाई? हे कंचं शास्त्र?"

"सरपंच, हे तेजाबासारखं वाटतंय. त्याच्यावर थोडं पाणी पडलं तर उसळून तुमच्या अंगावर येईल. मुरूम आणि वाळू आणा, बांध घालू. आणि साखर कारखान्याच्या गोदामातून चुना मागवा."

लोक ट्रॅक्टर आणायला धावले. आबांना जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. त्यांच्या तोंडाला फेस होता, श्वास घरघरत होता. थोड्याच वेळात डॉक्टरांचा वायरलेसवरून निरोप आला: काय होतं ते नक्की सांगा. शेतीच्या औषधाचं विष असेल तर एक इंजेक्शन द्यावं लागेल, तेजाबाची वाफ असेल तर ते देऊन उलटंच होईल. माणूस फार वेळ तग धरणार नाही.

मी फायर ऑफिसरला विचारलं. तो म्हणाला, "तेजाब आहे असं मला वाटतं. त्यात औषधाचा कचरा मिसळलाय का, ते सांगायचं साधन माझ्याकडे नाही. ज्याने आणलं त्याला विचारा."

ज्याने आणलं तो फरार होता. मी टँकरच्या केबिनची दुरून पाहणी केली. अंथरूण नाही, डबा नाही, देवाच्या फोटोवरचा हारसुद्धा काढून नेलेला. अपघातानंतर पळणारा ड्रायव्हर चप्पल विसरतो. हा सगळा संसार आवरून गेला होता. म्हणजे तो धावत सुटला नव्हता, एसटीची वाट बघत कुठेतरी उभा असणार. मी हवालदाराला पाटसच्या थांब्याकडे पिटाळलं आणि म्हणालो, वळकटी घेतलेला माणूस बघा. सोलापूरच्या गाडीत चढता चढता तो सापडला.

ड्रायव्हर परप्रांतीय होता, सणसवाडीत खोली करून राहणारा, चाळिशीचा. ठाण्यात त्याला स्टुलावर बसवलं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "मळी है साब. कारखाने की मळी."

"कुठल्या कारखान्याची?"

"मालूम नहीं साब. भरा हुआ मिला."

"एक माणूस मरायला टेकलाय."

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा तेच. "मळी है साब."

मारून नाव काढता आलं असतं. पण मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते सांगतो, आणि मला हवं ते नको होतं, खरं हवं होतं. मी हवालदाराला बाहेर घेऊन गेलो. "आबांच्या गोठ्यात मळी असेल. पितळीभर घेऊन या. कोणाला काही बोलू नका."

तो लगेच घेऊन आला. काळी, दाट, ताजी मळी. मी पितळी ड्रायव्हरपुढे ठेवली. "ओढ्यातून भरून आणलीय. मळी आहे ना? मग बोट बुडव आणि चाट."

तो स्टुलासकट मागे सरकला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बरं. मळी गोड असते. मी चाटतो," असं म्हणून मी बोट बुडवलं आणि तोंडाकडे नेलं.

त्याने झडप घालून माझं मनगट धरलं. हवालदार काठी उगारून धावला. ड्रायव्हर ओरडत होता, "मत चाटो साब! जल जाएगा! रंग के कारखाने का तेजाब है! खराब हो गया तेजाब!"

"त्यात शेतीचं औषध मिसळलंय का?"

"नहीं साब, माँ कसम! सिर्फ तेजाब! मैंने खुद भरा!"

त्याने कारखान्याचं नाव सांगितलं. तिथल्या पाळीप्रमुखाला मी फोन केला. आधी तो आढेवेढे घेऊ लागला. माणूस मेला तर तुमच्यावर काय कलम लागेल ते मी सांगितलं, तेव्हा त्याने मुकाट्याने तेच कबूल केलं. मी डॉक्टरांना कळवलं आणि मग हवालदाराकडे बघितलं. त्याची काठी अजून हातातच होती. ड्रायव्हरची नजर अजून माझ्या काळ्या बोटावरच होती. मी ते बोट चाटून दाखवलं. तो आधी घाबरला, मग समजला, आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडायला लागला.

पुढचं मग सरळ होतं. कारखान्याचा कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराने जुन्या मळीच्या टँकरात तेजाब भरून आमच्या ओढ्यात सोडायला लावलं होतं. फोनही त्यानेच केला होता. पोलिसांत मळीचा अपघात म्हणून नोंद झाली की पुढे कोणी विचारणार नाही, हा त्याचा हिशेब. टाकीवरचा तो एक शब्द वाचून आपल्या माणसांपैकी कोणीतरी डबा घेऊन येणारच, हे त्याच्या डोक्यात आलं नसेल, किंवा आलं असूनही त्याने पर्वा केली नसेल. मला दुसरं खरं वाटतं, आणि त्याचा राग मला अजून येतो.

ओढ्यावर मुरमाचा बांध पडला, वर चुना पडला, फसफसत फसफसत ते काळं पाणी विझलं. फायर ऑफिसरने दुपार ढळेपर्यंत कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. शेजारच्या विहिरीचं पाणीही तपासल्याशिवाय उपसू दिलं नाही. निघताना मी त्याला म्हणालो, "सकाळी मला तुमचाच संशय आला होता."

"येऊ द्या की," तो म्हणाला. "मला तर सगळ्याचाच येतो. डब्याचा, वाऱ्याचा, रिकाम्या टाकीचा. काय आहे ते कळेपर्यंत लांब थांबायचं, एवढंच आमचं काम."

नोकरीभर मी माणसांवर संशय घेतला आणि त्यावर माझं पोट चाललं. त्या दिवशी शिकलो ते एवढंच, की संशय घेणाऱ्याला थांबताही आलं पाहिजे. मी ड्रायव्हरला निर्ढावलेला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. तो गुन्हेगार होताच. पण एका अनोळखी पोलिसाच्या तोंडात विष जातंय असं वाटल्यावर त्याला स्वतःच्या सुटकेचं भान राहिलं नाही, हेही तितकंच खरं.

आबा वाचले. आवाज मात्र कायमचा बसला. पावसाळ्यानंतर ते जबाबाला ठाण्यात आले आणि टेबलापुढे बसून मला विचारू लागले, "साहेब, त्या डायव्हरनं वतलं म्हणून मी पडलो. आन् त्यानंच सांगितलं म्हणून उठलो. आता त्याच्याबद्दल म्या काय सांगावं?"

"दोन्ही सांगा, आबा," मी म्हणालो.

त्यांनी त्या बसक्या आवाजात, दम खात खात दोन्ही सांगितलं. मी दोन्ही लिहून घेतलं.