वेगळी पिशवी

"ती खोक्यात नको. ती वेगळ्या पिशवीत. धुवायला टाकू."

शाल माझी होती. म्हणजे नुकतीच माझ्या खांद्यावरून काढलेली. अविनाशभाऊ तिची घडी करून खोक्यात ठेवायला वाकले होते आणि अध्यक्ष मॅडम त्यांना हे सांगत होत्या. हळू आवाजात. मी पडद्याच्या अलीकडे नारळ हातात घेऊन उभी होते. मॅडमची माझ्याकडे पाठ होती.

अविनाशभाऊ क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी साडीच्या दुकानाची एक कॅरीबॅग उघडली आणि शाल तिच्यात टाकली. टाकताना घडी मोडली. पुन्हा केली नाही.

खोक्यात त्या आधीच्या तीन शाली नीट रचलेल्या होत्या.

शाल परत का घेतली ते आधी सांगते. नाहीतर वाचणाऱ्याचा राग चुकीच्या जागी जाईल.

आमची संस्था नागपुरातल्या स्थानिक कलाकारांसाठी काम करते. पगारी माणूस एकही नाही. कोणी हॉल मिळवतो, कोणी माइकवाल्याशी बोलतो, कोणी खुर्च्या लावतो. अविनाशभाऊ सचिव आहेत. मी कार्यकारिणीत आहे. मी प्रमाणपत्रं लिहिते आणि सूत्रसंचालन करते, कारण माझा आवाज मोठा आहे. पोटासाठी लकडगंजातल्या एका सॉ मिलमध्ये हिशेबाला आहे. लाकडाचं माप अर्ध्या इंचाने चुकलं तरी मी बिल फाडून नवं करते. मालक हसतो. हसू दे.

सत्काराच्या शाली आम्ही परत घेतो. शाल पांघरायची, फोटो काढायचा, कलाकाराने बाजूला येऊन ती काढून द्यायची. प्रमाणपत्र आणि नारळ त्याचा. हा ठराव झाला तेव्हा मीही हात वर केला होता. दर कार्यक्रमाला नव्या शाली आणणार कुठून? घर चालवणारी बाई आहे मी. वापरण्याजोगी वस्तू वाया घालवत नाही. तेव्हा शाल काढून घेतली याचं मला काही वाटलं नाही.

पिशवीचं वाटलं.

त्या संध्याकाळी चौघांचे सत्कार होते. शास्त्रीय गाणारे एक बुवा, जलरंगात चित्रं काढणाऱ्या एक बाई, एक सतारवादक आणि मी. मी भीमगीतं म्हणते. मे महिना होता, नागपूरचा मे. हॉलचा कूलर बंद पडला होता. बुवा तासभर गायले. त्यांची शाल पिळली असती तर पाणी निघालं असतं. ती खोक्यात गेली. मी दोन गाणी म्हटली होती.

तेव्हा घामाचं कारण मला सांगू नका.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी याच शहरात दीक्षा घेतली. शाळेत मला पाणी वरून ओतून दिलं जात नव्हतं. तसं काही माझ्या वाट्याला आलं नाही आणि जे आलं नाही ते मी लिहिणार नाही. मला वाटत होतं, आपण त्यातून सुटलो.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा झालं, त्यावरून काय ठरवून रायली तू?"

त्याचं बरोबर होतं. एका ओंडक्याच्या मापावर मी अख्ख्या गाडीचं बिल करत नाही. म्हणून थांबले. पाहत राहिले.

पुढच्या कार्यक्रमात आमच्या वस्तीतल्या गौतमचा सत्कार होता. तो ढोलकी वाजवतो, एरवी वायरिंगची कामं करतो. त्याच्याबरोबर सावनेरकडचे दोघे भाऊ होते. शेतकरी, गावच्या दंडारीत नाचणारे. तिघेही घामाने निथळत स्टेजवरून आले. मी मुद्दाम खोक्याजवळ उभी राहिले.

मॅडमनी भावांना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

त्यांनी सांगितलं.

"वा! फार छान नाचलात हं तुम्ही."

दोन शाली खोक्यात.

मग गौतमकडे वळल्या. "आणि तुझं?"

त्याने सांगितलं.

मॅडमनी अविनाशभाऊंकडे नुसतं पाहिलं. पिशवी.

आडनाव त्या प्रत्येकालाच विचारायच्या. मला विचारलं होतं, अगदी पहिल्या दिवशी. मी समजत होते, प्रमाणपत्रावर नाव चुकू नये म्हणून विचारत असतील. पण प्रमाणपत्रं तर मीच लिहीत होते. ती आदल्या दिवशीच लिहून तयार असायची.

बाहेर गौतम स्कूटरला किक मारत होता. मला पाहून हसला.

"शाल गेली ताई, नारळ वाचला. चटणी करतो उद्या, या जेवाले."

त्याने पुन्हा किक मारली.

"अन् पाहिलं का? तिघाईत माह्या एकट्याचीच धुवाले टाकली. व्हीआयपी झालो ना मी!"

तो मोठ्याने हसला. मग स्कूटर एकदम सुरू झाली आणि तो वळूनही न बघता गेला.

आता माप पुरेसं झालं होतं. मी त्याच आठवड्यात बैठकीत बोलायला हवं होतं. पण पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून आली होती आणि तीत नाव होतं माझ्या वडिलांचं.

बाबा शाहीर आहेत. गिरणीत होते, गिरणी बंद पडली. गाणं बंद पडलं नाही. खंजिरी घेऊन ते कामठी, कन्हान, कुठे कुठे गायले. गाणी स्वतः रचतात. मी त्यांच्यामागे कोरसमध्ये उभी राहूनच गायला शिकले. पण रेल्वेलाइनीच्या पलीकडच्या, तिकिटाच्या खिडकीवाल्या हॉलात त्यांना आयुष्यात कोणी बोलावलं नव्हतं. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं, माझा स्वतःचा सत्कार व्हायच्या आधी.

पत्रिका हातात आल्यापासून ते वस्तीत सांगत फिरत होते. "गादीच्या खुर्च्या हायेत गा तिथं. तुमी बी या." चपलांच्या दुकानात गेले. आईच्या मागे लागून पांढऱ्या सदऱ्याला नवीन बटणं लावून घेतली. रोज सकाळी गळा साफ करत बसायचे.

मी बोलले तर त्यांचा सत्कार रद्द. गप्प बसले तर त्यांची शाल पिशवीत.

तिसरा रस्ता काढून पाहिला. मॅडमच्या घरी गेले. म्हटलं, "बाबांसाठी शाल मी आणते. त्यांच्याकडेच राहू द्या. म्हातारा माणूस आहे."

मॅडम मला कायम अगंतुगं करतात. वयाने आम्ही जवळपास सारख्याच. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या भावना समजतात मला. पण तुझ्या वडिलांना एक आणि बाकीच्यांना एक, हे कसं चालेल? आपल्या संस्थेत आपण भेदभाव करत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं. समजूत घालतात तसं. माझ्यासमोर चहाचा कप होता. तो मी तसाच ठेवून उठले.

कार्यक्रमाच्या दिवशी वस्तीतली बरीच माणसं आली होती. मागच्या रांगांमध्ये बसली होती. पुढे बसा म्हणून त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि बसू नका असंही नाही. ती आपली मागेच बसली.

बाबा चांगले गायले. फार चांगले. पहिल्याच गाण्याला पुढच्या रांगांनीही ठेका धरला. प्रमुख पाहुण्यांनी शाल पांघरवली, नारळ दिला. बाबांनी दोन्ही हात जोडले. फोटो निघाला. मी माइकजवळ होते. पुढचं नाव पुकारायचं होतं. अविनाशभाऊ शाल घ्यायला विंगेतून पुढे आले.

त्यांच्या मागे, पडद्याच्या कडेला, मॅडम उभ्या होत्या. हातात पिशवी होती. उघडून धरलेली.

बाबांना आडनाव विचारायचीसुद्धा गरज नव्हती. ते माझे वडील होते.

मी माइकवर म्हटलं, "अविनाशभाऊ, थांबा."

मी बाबांजवळ गेले. त्यांच्या खांद्यावरची शाल मी स्वतः काढली. विंगेत जाऊन मॅडमचा हात धरला आणि त्यांना स्टेजवर आणलं. लोकांना वाटलं, त्यांचाही सत्कार आहे. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत मी ती शाल मॅडमच्या खांद्यावर घातली. समोरून दोन्ही पदर नीट जुळवले.

मॅडमचे दोन्ही हात वर गेले. कोपरात दुमडून, शालीला लागणार नाहीत असे. मान आखडली. खांदे आत ओढले गेले. नळाचं पाणी अंगावर उडावं आणि माणसाने अंग चोरून उभं राहावं, तशा त्या उभ्या राहिल्या. एका हातात अजून पिशवी होती.

टाळ्या थांबल्या.

मी माइक उचलला. "मॅडम, ही शाल माझ्या वडिलांच्या अंगावरची. सांगा आता सगळ्यांना, खोक्यात ठेवायची का पिशवीत?"

मग मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. बुवांची शाल, माझी शाल, भावांच्या शाली, गौतमची शाल. कोणाची कुठे गेली. आडनाव कधी विचारलं. एकही शब्द वाढवला नाही. शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही, तो मुळातच मोठा आहे.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "हे व्यासपीठ असल्या गोष्टींसाठी नाही."

मागून गौतम ओरडला, "ताई, पिशवी दाखव त्याईले!"

दाखवायची गरज पडली नाही. मॅडमनी खांदे झटकले. शाल खाली पडली. त्या तिच्यावरून पाय उचलून पलीकडे गेल्या. अख्ख्या हॉलने ते पाहिलं. प्रमुख पाहुणे मोबाइल काढून बघत बसले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहून बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

मग मी वळले. बाबा तिथेच उभे होते. एका हातात नारळ, एका हातात खंजिरी. त्यांचा कार्यक्रम संपला होता आणि त्यांच्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

ऑटोत बाबा लाइनीचा पूल उतरल्यावर बोलले.

"काहून केलं वं असं? माह्या सत्काराचा तमाशा केला."

"बाबा, ती पिशवी धरून उभी होती."

"दिसली होती मले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पिशवी मले दिसली होती," ते म्हणाले. "गौतम्यानं सांगतलं होतं पयलेच. मालूम होतं मले. दोन मिन्टाचं काम होतं, माय. देऊन टाकली असती. फोटो तर निघालाच होता. लेकराईले दाखवाले झाला असता."

ते आजही त्या विषयावर बोलत नाहीत. संस्थेने तो फोटो आम्हाला दिलेला नाही, आणि दिला तरी ते आता घेणार नाहीत. हे माझ्यामुळे झालं. ते मी मान्य करते. पण सगळं माहीत असून, नवी बटणं लावून, ते हसत हसत त्या स्टेजवर गेले. ही सवय त्यांना कोणी लावली? किती ठिकाणी, किती वेळा गिळल्यावर माणूस दोन मिनिटांचं काम म्हणायला शिकतो? याचा हिशेब माझ्याकडे नाही. तो मला वसूल मात्र करायचा आहे.

चार दिवसांनी अविनाशभाऊंचा फोन आला. माणूस वाईट नाही. पण पिशवी त्यांच्याच हाताने भरली जायची.

"ताई, मॅडमचं बीपी वाढून रायलं. गैरसमज झाला म्हणून टाका ना. एक सॉरी. विषय संपला."

"माझा गैरसमज कोणता झाला, भाऊ?"

त्यांनी पुन्हा मॅडमच्या बीपीचं काढलं.

"तुम्ही सांगा. तुम्ही तिथे होता. मी काही चुकीचं पाहिलं का?"

"चुकीचं नाही... पण ताई, संस्था आहे. सगळे घरचं काम सोडून येतात. नाव खराब होते." मग घसा खाकरून म्हणाले, "कार्यकारिणीचं म्हणणं आहे, सॉरी नसेल तर तुम्ही राजीनामा द्यावा."

"देत नाही," मी म्हटलं.

त्यानंतर मला पुष्कळांनी समजावलं. आमच्यातल्यांनीही. वेगळी संस्था काढा, आपली माणसं, आपला हॉल, कशाला त्यांच्या दारात उभं राहायचं. मनात सूड ठेवू नका, ताई, कलेचं काम आहे.

सूड आहे. ठेवला आहे. मी तो लपवत नाही.

आणि त्यांचं दार हे काय? त्या हॉलच्या खुर्च्या मी लावल्या आहेत. संस्थेच्या उद्देशात स्थानिक कलाकार असं लिहिलं आहे. गौतम स्थानिक आहे. कन्हानचे कव्वाल स्थानिक आहेत. सावनेरच्या त्या दोघा भावांकडेही मी गेले. त्यांच्या शाली खोक्यात गेल्या होत्या, तरी धाकटा म्हणाला, "आमी त्याच दिवशी समजलो होतो, बाई. सांगा, कुठं सही करू?" दर रविवारी मी फिरते आहे. एकेक कलाकार सभासद करते आहे. कोणाचाही अर्ज नाकारायला त्यांच्याकडे कारण नाही. एकच कारण आहे आणि ते आता त्यांना तोंडाने म्हणता येणार नाही.

वार्षिक सभेत अध्यक्षांची निवड असते. आजवर मॅडमच्या विरोधात कोणी उभं राहिलेलं नाही. या वेळी मी उभी आहे. चिठ्ठ्या टाकून मतदान नको, असं मी आधीच कळवलं आहे. हात वर करून होऊ द्या. कोणाचा हात कोणासाठी वर जातो ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. मोजणी मी मोठ्याने करणार.

त्या पडतील. पडल्यावर त्या संस्था सोडून जायला निघतील, हेही मला माहीत आहे. अशी माणसं हरली की घरी जातात आणि घरी बसून मोठी होतात. ते मी होऊ देणार नाही. त्यांचा राजीनामा मी मंजूर करणार नाही. त्यांनी सभासद म्हणून यायचं. आमची माणसं पुढे बसतील, त्यांनी मागे बसायचं. आमचा माणूस गायला उभा राहिला की टाळ्या वाजवायच्या. आणि मी स्टेजवरून पाहणार, वाजवतात की नाही.