पोपटाचा हिरवा, मगरीचा हिरवा

आमच्या ह्यांना माझं सगळं ठाऊक असतं. मी कुठल्या गिऱ्हाइकाशी भांडले, कुठल्या नणंदेला काय बोलले, फ्रीजमधली बासुंदी कोणी संपवली — सगळं. ही एक गोष्ट तेवढी त्यांच्यापर्यंत गेलेली नाही. त्यांच्यापर्यंतच काय, सख्ख्या बहिणीपर्यंत नाही. सांगायला तोंड उघडलं की वाटतं — मोबाइलवरचा गेम, तोही लेकरांचा! ह्यात सांगण्यासारखं काय, म्हणून लोक हसतील. हसा. पण शेवटपर्यंत ऐका.

नांदेडात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. बाई साडी घेऊन येते, मी एक नजर टाकते आणि मागच्या फळीवरून ताका ओढते — बरोब्बर तोच रंग. आमचे हे अजून साडी उजेडात धरून हा ताका लाव, तो ताका लाव करून राहिलेले असतात, तोवर माझी कात्री चाललेली असते. माज म्हणा. आहे मला रंगाचा माज. दुसरं मिरवण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नाही.

तो गेम माझ्या लेकीनं फोनमध्ये घेतला होता. टीव्हीवर ते माकडांच्या गडाचं कार्टून लागतं ना, त्याच्यावरच काढलेला. वरून ठोकळे पडत राहतात, भराभर, श्वास घ्यायला उसंत नाही. प्रत्येक ठोकळ्यावर कार्टूनमधलं एक तोंड — तांबडं माकड, निळा हत्ती, हिरवा पोपट, हिरवी मगर. सारखी तोंडं एका ओळीत लावली की ठोकळे फुटतात. समोर कुठल्यातरी गावचा दुसरा माणूस खेळत असतो. तुम्ही एका दमात जास्त फोडले की त्याच्या गडावर दगड पडतात. गड वरपर्यंत भरला की त्याचं माकड धपकन खंदकात, आणि मगर खदाखदा हसते. हवी तर ती हसणारी मगर तुम्ही स्वतःही पाठवू शकता. आणि जो हरला त्याच्यापुढं एक लाल बटण येतं — 'बदला'.

लेकीला लवकरच कंटाळा आला. मला नाही आला. दुपारी दुकानात माशा मारायची वेळ असते, तेव्हा मी खेळायची. नाव घेतलं होतं 'नांदेडची वाघीण'. हसू नका म्हटलं ना.

आणि एका दुपारी समोर तो आला. बसवराज, उदगीर. नावाखाली फोटो — काळा गॉगल, नव्या गाडीला टेकून उभा. पोट सुटलं होतं, केस मागं सरकले होते. पण ओळखायला मला कितीसा वेळ लागणार?

माझं माहेर लातूरचं. अण्णांचं कापडाचं लहानसं दुकान होतं आणि मी त्यांच्यासोबत गल्ल्यावर बसायची. उदगीरच्या आडतवाल्यांचं स्थळ आलं म्हणून अण्णांना कोण आनंद! बघायला आले, पोहे खाल्ले, चहा झाला, मला दोन-चार गोष्टी विचारल्या. सगळं नीट चाललंय असं वाटलं. मग मंडळी जिना उतरायला लागली. अण्णा पानसुपारीचं तबक घेऊन त्यांच्या मागं. मी वर दाराशी. आणि हा बसवराज, नवरदेव, खालच्या पायरीवरून आपल्या मित्राला म्हणाला, चांगलं मोठ्यानं — "दुकानात बसवायला बरी हाय रे. घरात न्हाई." जिनाभर हसू. अण्णांनी ऐकलं. त्यांच्या हातातलं तबक तसंच राहिलं. त्या वाक्याबद्दल ते नंतर कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते गेले तरी मी बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं आयुष्य वाया गेलं असेल. छे! माझं काही वाईट झालं नाही. नवरा भला मिळाला, दुकान चालतं, लेक हुशार निघाली. मग कशासाठी एवढी खुन्नस? ज्याचं नुकसान झालं नाही त्यानं डूख धरूच नये, असं कुठं आहे का? मला तो माणूस खंदकात पडलेला बघायचा होता. बस्स.

पाडला. रोज पाडला. काय सांगू तुम्हाला, त्याच्या गडावर दगड पडायला लागले की माझ्या जिवाला कसं गार वाटायचं! धप, त्याचं माकड खाली. मग मी मगर पाठवायची. एक अण्णांच्या नावाची, एक माझ्या. घे मेल्या, घरात न्हाई म्हणत होतास ना? तो लाल बटण दाबायचा, पुन्हा यायचा, पुन्हा हरायचा. चिवट होता. चिवट आहे ह्याचाही आनंदच झाला, म्हणजे पुरवून पुरवून मारता येईल.

एक प्रश्न मला पडायला हवा होता. भर दुपारी, आडतीवर मालाच्या गाड्या उतरायच्या वेळेला, हा एवढा मोठा व्यापारी माकडं जुळवत कसा बसतो? पडला नाही. रागात असल्यावर कुणाला असले प्रश्न पडतात?

मग लग्नसराईत एक बाई दुकानात आली. किडकिडीत, डोक्यावर पदर, बोलणं थेट उदगीरकडचं. नांदेडला बहिणीकडं लग्नासाठी आली होती. साडी रामा रंगाची, निळसर हिरवी, आणि बाई मोरपंखी ब्लाउजपीस हातात धरून म्हणते, "हेच की वो ताई, जुळलं." मी म्हटलं, जुळलं कुठं, हे दोन वेगळे रंग आहेत. तिला दिसेचना. मी योग्य ताका काढला, कापायला घेतला. ती स्टुलावर बसली, पिशवीतून फोन काढला — आणि ते गाणं वाजलं. माकडांच्या गडाचं.

मी काउंटरवरून वाकून बघितलं. वर त्याचा फोटो. गॉगल, गाडी. बसवराज, उदगीर.

माझी कात्री थांबली. मी विचारलं, हे कोण? ती लाजली. "आमचे हे. त्यांचा जुना फोन हाय, नाव त्यांचंच ऱ्हायलंय. म्या कशाला बदलू? दुपारी जरा खेळून ऱ्हाते." मग आपणहूनच बोलायला लागली. बायका माझ्याशी बोलतात. कापड कापणारीशी बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. म्हणाली, "तुमच्या नांदेडचीच कुणी वाघीण हाय, लई धुते मला. वरून हसती. ह्यांनी एकदा बघितलं तवापासून जेवताना लेकरांपुढं रोज तेच. माकडाच्या खेळात बी हरतीस, तुला दुकानात बसवायची बी सोय न्हाई म्हणतेत."

आग्गं माय! तेच तोंड, तीच जीभ. मला दुकानात तरी बसवत होता. हिला तेही नाही.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदा त्या बाईला हरवलं ना ताई, की फोन धरते ह्यांच्या तोंडापुढं. मग काय म्हणायचं ते म्हणा. रविवारी आडत बंद असती, जेवणं झाल्यावर त्यांच्या बाजूलाच बसून खेळणार हाय."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं का? होतं. मी नाही सांगितलं. त्याच्याऐवजी मी मोठ्या मायेनं तिचा फोन हातात घेतला आणि तिला शिकवलं. म्हटलं, तू पोपट आणि मगर एक समजतेस, तिथं अडकतेस. हे बघ — पोपटाचा हिरवा पिवळ्याकडं झुकतो, मगरीचा काळ्याकडं. मी मोरपंखी आणि रामा दोन्ही ताके तिच्या गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवले. बघ, बघत राहा. बराच वेळ ती बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "व्हय की वो! दिसलं!" असा आनंद मी त्या स्टुलावर कधी बघितला नव्हता. फॉल लावायला साडी माझ्याकडं ठेवून ती गेली. जाताना माझा हात दाबला.

मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं, रविवारी हरायचं. त्यात काय होतं माझं? एक खेळ.

रविवारी दुपारी गेमवर तिचं बोलावणं आलं. मी मुद्दाम सावकाश खेळले. आणि ती — काय खेळत होती! पोपटाला पोपट, मगरीला मगर, एकही गल्लत नाही. माझ्या गडावर दगडांवर दगड. मी शिकवलेलं माझ्याच डोक्यावर पडत होतं आणि मला आतून बरंही वाटत होतं. गड भरत आला. मला फक्त बोट उचलून बाजूला ठेवायचं होतं.

तेवढ्यात नजर वर गेली. त्याच्या फोटोकडं. आणि मनात आलं — हा आत्ता तिच्या शेजारी बसलाय. हा बघून राहिलाय. माझं माकड पडेल ते हा बघणार. मी ह्याच्यासमोर पडायची? पुन्हा?

त्या गेममध्ये 'गढूळ पाणी' म्हणून एक गोष्ट मिळते. ती मारली की समोरच्याच्या सगळ्या गडावर मातट पाणी पसरतं, रंग विटतात. मला त्याची गरज कधी पडली नव्हती. साठवून ठेवलं होतं. मी ते मारलं. गढूळ पाण्यात कुठले दोन रंग एक होतात हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं — माझा धंदाच तो आहे. तिचा पोपट मगरीवर गेला. मग दुसरा. मग ती नुसती चाचपडायला लागली. मी दगड टाकले, होते नव्हते ते सगळे. धप.

आणि मी मगर पाठवली. एक पाठवली. मग आणखी एक.

लाल बटणाची वाट बघत बसले. आलं नाही. गिऱ्हाईक आलं, गेलं. आलं नाही. पुढं कधीच आलं नाही.

साडी न्यायला तिची बहीण आली. म्हणाली, अक्काचा तो खेळ भावजींनीच काढून टाकला. म्हणाली, भावजींचं काय सांगावं, हसून हसून लोटपोट — कुणीही पाहुणं आलं की सांगतात, हिला वाघिणीनं खाल्लं. अक्का आत निघून जाते. बहीण हे सांगताना स्वतःही जरा हसली. मी साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली, फॉल कुठल्या बाजूनं लावलाय ते दाखवलं.

गेम अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून खेळते. तिच्याशी खेळलेला एकही डाव मी हरलेले नाही.

जिन्यातलं ते हसू मी इतकी वर्षं कानात धरून होते. त्या रविवारी उदगीरच्या घरात तेच हसू पुन्हा झालं असणार — तोच हसला असणार, तसाच, मोठ्यानं. फरक एवढाच, की ह्या वेळी त्याच्याबरोबर मीही हसत होते.