पाठमोरी

पडद्यावरचा पाठलाग रंगात आला की नायक गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत सुटतो. वीसेक वर्षं त्या उड्या ज्याने मारल्या, त्याचं खरं नाव धंद्यात कुणाला ठाऊक नव्हतं. कुठूनही पडला तरी पायांवरच उतरतो, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत. त्याचा चेहरा कधी पडद्यावर आला नाही. आला असता तर कामच गेलं असतं, असं तो हसत सांगायचा.

गुडघा कामातून गेल्यावर तो दुसऱ्यांच्या उड्या बसवू लागला. बायको शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. तिला वाटलं, सुटलो एकदाचे. पण खाण तशी माती. एकुलती एक मुलगी बापाच्या गाद्यांवर कोलांट्या मारत वाढली होती. तिने नायिकांच्या जागी उड्या मारायचं काम धरलं. आईने अबोला धरून पाहिला, रडून पाहिलं. बोकाही आधी नाहीच म्हणाला होता. पण तिची पहिली उडी पाहून त्याची छाती फुगली आणि ते काही त्याला लपवता आलं नाही.

शहराच्या जुन्या भागातला तो पाठलाग गाजणार, हे चित्रीकरणाच्या वेळीच सगळे म्हणत होते. गल्लीच्या अलीकडची इमारत उंच, पलीकडची एक मजला बुटकी. मुलीने गल्ली ओलांडून पलीकडच्या गच्चीवर अंथरलेल्या जाड गाद्यांवर पडायचं होतं. पहिली उडी झकास झाली, पण नेमकी कॅमेऱ्यासमोरून कबुतरं उडाली. दिग्दर्शकाने पुन्हा मागितली. पहिल्या पडण्याने गाद्या सरकल्या होत्या. पलीकडच्या माणसांनी त्या ओढून घेतल्या, पण पुरत्या नाहीत. रस्ता मोकळा करून द्यायची वेळ झाली होती आणि जो तो घाईत होता. बोका अलीकडे मुलीजवळ उभा होता. पलीकडून तयारीच्या खुणेचा हात वर झालेला पाहून त्याने तिला "जा" म्हटलं.

गाद्यांमधल्या फटीत तिचा पाय गेला आणि डोकं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आदळलं. इस्पितळात ती शुद्धीवर आलीच नाही.

काही आठवड्यांनी दिग्दर्शक घरी आला. ती दुसरी उडी गल्लीच्या मध्यापर्यंतच दिसेल, पुढचं काही नाही, असं त्याने चाचरत सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर तेवढंही काढून टाकतो, म्हणाला.

बोका म्हणाला, "ठेवा. तिची उडी बरोबर होती. चुकलो आम्ही."

बायको उठून आत गेली. पाहुणा गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोटच्या पोरीचं मरण तिकीट लावून दाखवायला निघालात." त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं.

चित्रपट लागला तसा बोका एकटाच दुपारच्या खेळाला गेला. मुलगी धावत आली, तिने कठड्यावर पाय रोवला आणि अंग झोकून दिलं. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. पुढच्याच क्षणी पलीकडच्या गच्चीवर नायिका कपडे झटकत उठली. शेजारचा माणूस आपल्या बायकोला म्हणाला, काय जिगर आहे बाईची. ती माझी मुलगी, असं बोक्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो उठून घराकडे निघाला.

घरी बायको दारातच उभी होती. कुठे गेला होता, हे तिने विचारलं नाही.

"दिसली का?"

"दिसली. पाठमोरी."

"आणि चेहरा?"

"चेहरा नाही दाखवत गं."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. तोही शेजारी टेकला.

तिने तो चित्रपट कधी पाहिला नाही. बोका कामावर परतला, पण आता तो फक्त गाद्या लावतो. कुणी उडी मारण्याआधी तो स्वतः त्यांवर आडवा होतो, फटींतून हात फिरवतो. खोळंबा होतो म्हणून लोक कुरकुरतात. तो ऐकू न आल्यासारखं करतो.

संध्याकाळी घरी आला की बायको विचारते, "सगळे धड घरी गेले ना?"

"गेले," तो सांगतो. मग ती ताटं वाढायला घेते.