विमलाबाईंचा हंसवाला सेट

केबिन रोडच्या त्या इमारतीत विमलाबाईंचा डिनर सेट ठाऊक नाही असं घर नव्हतं. बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, तो बहारीनहून आणलेला. सोनेरी काठाच्या बशा आणि मधोमध मांडायला एक भलंमोठं भांडं, झाकणावर हंस. विलायतेतले सरदार असली भांडी मांडून पाहुण्यांचे डोळे दिपवायचे, असं दाजी सांगत. विमलाबाईंच्या घरात त्यात कधी कुणी घासभर जेवलं नाही. पण इमारतीत कुणाकडे मुलगी बघायला यायचे असले की सेट तिकडे जाई, आणि मागोमाग ताकीद: "हंसाला मानेला धरायचं नाही. मोडलीये, चिकटवलीये." सेटने आजवर पाच लग्नं जमवली, असं त्या सांगत. नवरा-नवरीला त्या फारसं श्रेय देत नसत.

त्या रविवारी त्यांना लेकीसाठी, रसिकासाठी, निकेतचं घर बघायला इंद्रलोक वसाहतीत जायचं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, मोठ्यांचं जमायचं बाकी होतं.

"आई, आज तोंड सांभाळ हां," रसिकाने रिक्षात बजावलं. "मला हाच मुलगा पायजे."

निकेतच्या आईने, मृणालिनीबाईंनी, टेबल झोकात मांडलं होतं. मधोमध हंस बसला होता.

विमलाबाईंनी तो लगेच ओळखला. परवाच तळमजल्यावरची अनसूया "मावसबहिणीकडे पाहुणे यायचेत" म्हणून सेट घेऊन गेली होती. कुठले पाहुणे, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

"आमच्या सासूबाईंच्या वेळचा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हल्ली असं कुठे मिळतंय!"

"खरंय," विमलाबाई म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवू लागल्या. स्वतःच्या बशीत जेवायचा योग आज पहिल्यांदाच येत होता. बटाट्याची भाजी बरी झाली होती.

मग मसालेभात वाढायला मृणालिनीबाईंनी झाकणाकडे हात नेला.

"मानेला नको! चिकटवलीये!"

रसिकाने डोळे मिटून घेतले. विमलाबाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"म्हणजे... तुमचा?" मृणालिनीबाईंचा चेहरा पडला. "मुलीकडचे आपल्याला कमी लेखतील, म्हणून मागवला हो. आता कसली मुलगी देताय तुम्ही!"

विमलाबाईंनी झाकण कडेला धरून अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं.

"मुलगी दिली," त्या म्हणाल्या. "सेट मात्र बुधवारपर्यंत परत पाठवा. तिसऱ्या मजल्यावर बघायला येतायत."