डॉक्टरसाहेबांचा पाइप कुणी केला?

"सही करून टाका ना साहेब, रविवारी उद्घाटन आहे," डॉक्टरांचा मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला. कुणी अशी घाई केली की माझा हात आखडतो.

मी जुन्या वस्तूंचा परीक्षक. नागपुरात सदरमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस. वस्तू कशाची, कधीची, कुणाच्या हातची, हे तपासून लेखी द्यायचं, एवढंच काम. तीस वर्षांत इतक्यांनी मला गंडवायला बघितलं की आता कुणाच्या घरी चहा प्यायलो तरी मी कप उलटा करून खालचा शिक्का बघतो.

टेबलावर तंबाखू ओढायचा पाइप होता. मुलाचे वडील नागपुरातले नावाजलेले दातांचे डॉक्टर, वर्षापूर्वी वारले. दवाखान्यात त्यांच्या आठवणींची खोली होणार होती. तिथे काचेच्या पेटीत हा पाइप आणि खाली पाटी: 'डॉक्टरांनी स्वहस्ते घडवलेला'. त्याचं सर्टिफिकेट माझ्याकडून हवं होतं.

"त्यांना करताना तुम्ही पाहिलं?"

"बाबा तसं सांगायचे."

म्हणजे पाहिलं नाही. मला संशयाचा पहिला वास आला तो इथे.

पाइप होताही विचित्र. नळी हनुवटीखाली लोंबेल इतकी वाकडी. तोंडात धरायचा भाग चपटा आणि दोन बोटं रुंद. विलायतेहून आणलेला माल असेल म्हणावं, तर तिकडचे पाइप ब्रायर नावाच्या झुडपाच्या गाठीचे असतात. हे लाकूड आपलं तिवस होतं, बैलगाडीला वापरतात ते. भिंगातून पाहिलं तर तोंडाकडचा काळा रंग झिजला होता आणि आतून गुलाबी ॲक्रिलिक दिसत होतं. कवळीची हिरडी करतात ते.

"बघा!" मुलगा खूश झाला. "दातांच्या डॉक्टरशिवाय हे कोण वापरणार?"

मी पेनाचं टोपण काढलं सुद्धा. मग सहज विचारलं, "डॉक्टर कवळ्या स्वतः करायचे?"

"छे हो. बाबा माप घ्यायचे. कवळी लॅबमधून यायची."

"कुठल्या लॅबमधून?"

"त्याचं इथे काय काम?" तो एकदम चिडला. मी टोपण परत लावलं.

लॅबचं नाव दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाईंनी दिलं. इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या मागे एका बोळात. रामदास मेश्राम, डेंटल टेक्निशियन, सत्तरीचे. मी पाइप पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला आणि आधी तोंडाकडच्या कडेवरून अंगठा फिरवला. आपल्या हातची वस्तू माणूस अशी तपासतो.

"तुम्ही केलेला?"

"मी नाही. डॉक्टरसाहेबानंच केला."

"तुम्ही पाहिलं?"

"तसंच सांगत ते."

तेच उत्तर! मुलगा माझ्याआधी इथे येऊन गेला, म्हाताऱ्याला काहीतरी देऊन त्याचं तोंड बंद केलं, अशी माझी खात्रीच पटली. मी फळीकडे पाहिलं. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते. पेशंटच्या तोंडाचं माप म्हणजे हा साचा, त्यावरच कवळी बसवून बघतात. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. एकावर डॉक्टरांचं नाव होतं, आणि त्या जबड्यात एकही दात नव्हता. मी विचारलंही नाही. साचा उचलला आणि पाइपचं टोक हिरडीवर टेकवलं. चपखल बसलं.

"ठेवा ते खाली!" मेश्राम ओरडलेच. "पेशंटचं हाय ते! काहून खोदून राहिले साहेब तुम्ही?"

मी साचा जागेवर ठेवला. शेवटी तेच बोलले. "पन्नाशीतच सारे दात गेले त्यायचे. दातांच्या डॉक्टरलेच कवळी, लोक काय म्हणतीन? मले म्हणाले, रामदास, हे आपल्या दोघांतच ठेव. पोरालेही सांगितलं नाही त्यायनं. साधा पाइप धरला का कवळी निसटे. मंग कवळी काढून नुसत्या हिरडीवर बसन असा हा बनवला. तीन महिने लागले."

"पाटीवर तुमचं नाव लागलं तर?"

"आवडन ना, काहून नाही आवडणार?" त्यांनी पाइप फडक्याने पुसला. "सारी जिंदगी माझं काम लोकायच्या तोंडात गेलं, एकावरही माझं नाव नाही. पण शब्द देल्ला हाय."

मला माझीच लाज वाटली. या माणसाला मी विकला गेलेला समजत होतो.

शनिवारी मुलगा आला, सोबत त्याची आई. मी इतकंच म्हणालो, "पाइप डॉक्टरांनी केलेला नाही. कुणी केला ते मला सांगता येत नाही."

"त्या मेश्रामनं पढवलं ना तुम्हाला?" मुलगा उसळला.

म्हणजे कारागिराचं नाव त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या आईंनी हात करून त्याला थांबवलं. "ही पाटीची भानगड मला आज कळतेय," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "मेश्राम काय म्हणाले?"

"मी केला नाही म्हणाले."

"मग त्यांनीच केलाय. ह्यांना दिलेला शब्द पाळतायत." त्या मुलाकडे वळल्या. "तुझ्या बाबांची कवळी वीस वर्षं मी धुतली. दात पडले, त्यात काय चोरी केली होती? पाटीवर मेश्रामांचं नाव घाल."

"आई, लोक हसतील!"

"हसू दे. गप्प राहायचं वचन त्यांनी दिलं होतं, मी नाही."

मेश्रामांच्या नावाचं सर्टिफिकेट लिहून मी तिथेच सही केली. रविवारी मेश्राम बायकोला घेऊन आले. 'कारागीर: रामदास मेश्राम' हे त्यांनी दोनदा वाचलं आणि पेटीकडे तोंड करून रडले. मुलगा दारातूनच निघून गेला.

खोटं बोलणारा भेटला की याला यातून काय मिळणार, हे आधी विचारायचं, असा माझा तीस वर्षांचा नियम. मेश्रामांना काहीच मिळणार नव्हतं, उलट हक्काचं नाव जाणार होतं. तेवढं मी त्या बोळात उभा राहून स्वतःला विचारलं नाही.