एकवीस जानेवारीची सहावी नोंद

काचेच्या कारखान्यात सकाळी सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना, भोंग्याच्या आधी एका बाईचा आवाज येत असे. "आजचा दिवस" एवढं म्हणून ती त्या तारखेला जगात पूर्वी काय काय घडलं याच्या पाच नोंदी वाचून दाखवी आणि मग स्वतःच्याच हाताने भोंग्याचं बटण दाबी. तिचं मूळ काम टेलिफोनच्या बोर्डावरचं. पण तिला टेलिफोनवाली कोणीच म्हणत नसे. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती तारीखबाई.

बोर्डाच्या मागच्या कपाटात तिची पाकिटं होती. वर्षाच्या प्रत्येक तारखेचं एक, लीप वर्षाचं धरून तीनशे सहासष्ट. वर्तमानपत्र, वाचनालयातले ज्ञानकोश, रेडिओ, जिथून म्हणून तारीख हाती लागेल तिथून ती टिपून घेई आणि दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय पाकिटात टाकत नसे. कामगारांना तिचं भारी कौतुक. पॅकिंगमधल्या एकाने एकदा विचारलं, "बाई, माझ्या लग्नाच्या तारखेला काय झालं होतं हो? पंधरा एप्रिल." तिने पाकीट न उघडताच सांगितलं, "टायटॅनिक बुडालं." तो म्हणाला, "चला, म्हणजे बुडणारा मी एकटा नाही." हे महिनाभर कारखान्यात फिरत होतं.

एवढ्या तारखा पाठ असलेल्या या बाईला खरं तर एकाच तारखेशी देणंघेणं होतं. एकवीस जानेवारी.

बत्तीस वर्षांपूर्वी त्या दिवशी दोन नंबरच्या भट्टीचं छत कोसळलं. आत वितळलेली काच, वर तापलेल्या विटा. तिघं जागीच गेले. त्यांतला एक तिचा थोरला भाऊ, भट्टीवाला. कारखान्याची पहिली भट्टी पेटवली ती त्याच्याच हाताने. विटा सरकल्यात, भट्टी थंड करायला हवी, असं तो घरी येऊन रोज सांगे. "वहीत लिहिलंय," म्हणे, "मालकांची सहीपण झालीय. आता करतील काहीतरी." भट्टी थंड करायची म्हणजे तीन आठवडे माल बंद. कोणी काही केलं नाही. चौकशीत मालक म्हणाले, मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तो ज्यात लिही ती पाळीची वही मागितली तर ती सापडत नव्हती. शेवटी अहवालात आलं की भट्टीवाल्याने अंदाज न घेता इंधन सोडलं. म्हणजे आपण मेला तो मेला, आणि आणखी दोघांना घेऊन गेला. त्या दोघांच्या घरचे वर्षानुवर्षं तिच्या वहिनीकडे पाहून रस्ता बदलत.

मग मालकांनी दया दाखवली. मेलेल्याच्या बहिणीला टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी दिली आणि तसा फोटो छापून आणला. तिने ती घेतली तेव्हा वहिनी ताटावरून उठून गेली. "त्याच्या दारात कामाला जाणार तुम्ही?" एवढंच तिने विचारलं. बाई म्हणाली, "दारात गेल्याशिवाय आत कशी शिरू?" वहिनीला ते पटायला पुरतं वर्ष लागलं.

त्याच वर्षी नोटीस लागली की कारखान्याचा वर्धापनदिन यापुढे एकवीस जानेवारीला होईल. पहिली भट्टी पेटली होती नोव्हेंबरात. बाईच्या घरी सगळ्यांना तो दिवस माहीत होता. दादा त्या दिवशी हाताला फोड घेऊन आला होता. पण नोव्हेंबरचा दिवस जानेवारीत आला, मंडप पडला, गोड वाटलं गेलं, आणि जिथे तिघांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं तिथे खुर्च्या मांडल्या गेल्या. मालकांचं डोकं या बाबतीत फार चालायचं.

सकाळच्या वाचनाची कल्पना बाईनेच सुचवली. लोक भोंग्याआधी पाच मिनिटं येऊन थांबतील, असं तिने व्यवस्थापकांना सांगितलं. ते खरंही होतं. मालकांना आवडली. अट एकच, रोजच्या कागदावर व्यवस्थापकांची मंजुरी हवी आणि कारखान्याबद्दल एक अक्षर नको.

नको तर नको. पहिल्या वर्षीच्या एकवीस जानेवारीला मंडपातल्या कर्ण्यातून तिचा आवाज आला: सतराशे त्र्याण्णव साली आजच्या दिवशी फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाचा भर चौकात शिरच्छेद झाला. पाहुणे चहा पीत होते. मालकांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. दुसऱ्या वर्षी तिने दक्षिण आफ्रिकेतली कोलब्रूकची कोळशाची खाण काढली. एकोणीसशे साठ साली आजच्या दिवशी खाण खचली, चारशे पस्तीस माणसं खाली राहिली ती कायमची. त्याच्या पुढल्या वर्षी त्यात एक वाक्य वाढवलं: आधीच्या पडझडीनंतर वर आलेल्या काही मजुरांना परत खाली पाठवण्यात आलं होतं. भट्टीवरचे लोक मान खाली घालून ऐकत होते. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. व्यवस्थापकांना समजावण्याची होती, पण त्यांना तारखेखाली ज्ञानकोशाचा पानक्रमांक दिसला की ते सही ठोकून मोकळे होत.

एकदा मालकांनी तिला बोलावून घेतलंच. आवाज अगदी मऊ ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, या दिवशी जगात काही चांगलं झालंच नाही का?"

"झालं असेल, साहेब. पण जे घडलं ते घडलं. तारखा काय माझ्या हातात आहेत?"

दिवस त्यांनीच निवडला होता.

असं तीसएक वर्षं चाललं. दरवर्षी एक टोचणी. ती टोचली की बाईला त्या रात्री झोप बरी लागे, पण फेब्रुवारी उजाडला की वाटे, यात त्या माणसाचं काय गेलं? राजा फ्रान्सचा, खाण आफ्रिकेची. दादाच्या कपाळावरचा डाग आहे तिथेच. तिला एकच हवं होतं. तिघांना कोणी मारलं ते याच कर्ण्यातून, याच अंगणात ऐकू यायला हवं, आणि तेही ती निवृत्त व्हायच्या आत. मे महिन्यात ती अठ्ठावन्नची होत होती.

त्याआधीच्या ऑक्टोबरात व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. चाळिसावा वर्धापनदिन मोठा करायचा होता, त्यासाठी कारखान्याच्या ठळक तारखांची एक पुस्तिका काढायची ठरली. तारखांचं काम म्हणजे बाईचंच. त्यांनी तिच्या हातात जुन्या दप्तराच्या खोलीची किल्ली दिली.

ती खोली बत्तीस वर्षांत तिने बाहेरूनच पाहिली होती. अकरा दिवस ती जेवणाच्या सुट्टीत तिथे धूळ खात बसली. बाराव्या दिवशी बाटल्यांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात, पावत्यांच्याच कागदात गुंडाळलेली पाळीची वही निघाली. फाडायची कोणाची हिंमत झाली नसावी, म्हणून दडवली. दादाचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. दोन जानेवारी, दोन नंबरच्या छताच्या विटा सरकल्या आहेत. नऊ जानेवारी, फट वाढली, बोट जातं. सतरा जानेवारी, भट्टी तातडीने थंड करावी, माणसं खाली काम करतात. तिन्ही नोंदींखाली मालकांची लफ्फेदार सही.

तिला रडू आलं नाही. ती सह्यांकडेच बघत राहिली. बत्तीस वर्षं ती समजत होती की मालक चौकशीत खोटं बोलले. आता तिच्या लक्षात आलं की कदाचित ते खरंच बोलले असतील. त्यांनी वाचलंच नव्हतं. मालकांची ती सवय सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. समोर कागद आला की सही करायची, वाचायला नोकर आहेत. या विचाराने तिचा राग कमी झाला नाही, उलट त्याला धार आली. न वाचता तीन माणसं संपवली.

वकिलाने वही पाहून मान हलवली; कायद्याची मुदत कधीच संपली होती, चौकशी पुन्हा उघडणार नव्हती. तिने त्याच रस्त्यावर वहीच्या छायाप्रती काढल्या आणि वहिनीकडे ठेवायला दिल्या.

जानेवारीच्या सुरुवातीला मालकांनी स्वतःच तिचं काम सोपं केलं. यंदा "आजचा दिवस" मी वाचणार, असं त्यांनी जाहीर केलं. मोठी गिऱ्हाइकं येणार होती, बँकेचे लोक येणार होते, त्यांच्यासमोर खाण आणि शिरच्छेद नको. शिवाय वयोवृद्ध मालक कामगारांना तारखा वाचून दाखवतात हे दिसायलाही बरं. बाईने चांगल्या नोंदी काढून द्याव्यात, अक्षर मोठं असावं, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. व्यवस्थापक सुटल्यासारखे झाले. "मालक वाचणार म्हणजे मंजुरीही मालकांचीच," ते म्हणाले. "मला आता दाखवू नका."

बाईने दोन बोटं उंचीच्या अक्षरांत सोळा पानं लिहिली. एका पानावर एक ओळ, फार तर दीड. पुढल्या पानावर काय आहे ते मागल्या पानावरून कळू नये इतकं मोठं अक्षर. शेवटच्या पानावर लिहिलं, "वाचून मंजुरी द्यावी ही विनंती." वीस तारखेच्या दुपारी तिने गठ्ठा मालकांच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभी राहिली. त्यांनी पहिलं पान चाळलं, "छान, अक्षर दिसतंय," म्हणाले, आणि सवयीने शेवटचं पान काढून सही केली.

चौथी सही, तिने मनात म्हटलं.

एकवीसला अंगणात खुर्च्या भरल्या. मागे साडेतीनशे कामगार उभे होते. मालकांचा हात थरथरायचा म्हणून पानं उलटायला बाई त्यांच्या शेजारी उभी राहिली, काखेत जुन्या कापडी बांधणीची एक वही. भोंग्याचं बटणही त्या दिवसापुरतं माइकशेजारी आणलं होतं. मालकांचा आवाज वाचायला चांगला होता. एकोणीसशे अकरा साली मॉन्टे कार्लोची पहिली मोटारशर्यत सुरू झाली. एकोणीसशे एकोणीसमध्ये आयर्लंडची संसद पहिल्यांदा भरली. चोपन्न साली अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी पाण्यात उतरली. बहात्तर साली देशाच्या ईशान्येला तीन नवी राज्यं झाली. शहात्तर साली काँकॉर्ड विमानाने पहिल्यांदा प्रवासी नेले. बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. रोज पाचच नोंदी असतात याचं भान मालकांना नव्हतं, पण भट्टीवरच्या लोकांना होतं. पाचवी झाली तरी बाईचा हात भोंग्याकडे गेला नाही, तिने पान उलटलं.

"आणि आजच्याच दिवशी, बत्तीस वर्षांपूर्वी, आपल्या या कारखान्यात," मालकांनी पाहुण्यांकडे बघून हसून वाचलं. तिने पान उलटलं. "दोन नंबरच्या भट्टीचं छत कोसळून तीन कामगार..."

ते थांबले. कर्ण्यात त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

बाईने वही उघडली, सतरा जानेवारीचं पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूच म्हणाली, "पुढचं वाचा, साहेब." ते माइकमधून सगळीकडे गेलं.

व्यवस्थापक उठले. तेवढ्यात मागून बाटल्या फुंकणारा एक म्हातारा कामगार म्हणाला, "वाचा." मग दुसऱ्याने म्हटलं. कोणी ओरडलं नाही, नुसतं एकेक करून, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, "वाचा." भोंगा वाजला नव्हता, त्यामुळे कोणी जागचं हललं नाही. पाहुणे मालकांच्या तोंडाकडे बघत होते.

मालकांनी वाचलं. तीन कामगार जागीच गेले, तिघांची नावं, मग तिन्ही तारखा. भट्टीवाल्याने छताबद्दल वहीत तीन वेळा लिहिलं होतं. चूक त्याची नव्हती. तिन्ही नोंदींखाली... तिने पान उलटलं. "माझी सही आहे."

मग तिने भोंगा दाबला.

व्यवस्थापक बोर्डाच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. हे कोणी मंजूर केलं, असं त्यांनी विचारलं. तिने सोळावं पान पुढे केलं. त्यांच्या मागोमाग मालक आले, दाराला धरून उभे राहिले. ते एकदम फार म्हातारे दिसत होते.

"मी हे वाचलंच नव्हतं, बाई."

"तेव्हाही नव्हतं वाचलं."

उद्यापासून येऊ नका, असं तिला सांगण्यात आलं. तिने पाकिटांची खोकी रिक्षात घातली. फाटकापर्यंत ती खोकी वाहायला पॅकिंगमधले सहा जण आले, आणि त्यांतला एकही व्यवस्थापकांना विचारून आला नव्हता.

दुपारी तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी धान्य निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. बाईला वाटलं, आता ही रडेल किंवा जाऊ द्या म्हणेल. सगळं ऐकून झाल्यावर वहिनीने विचारलं, "आवाज कापला का त्याचा?"

"कापला."

"कुठल्या शब्दावर?"

"माझी म्हणताना."

वहिनीने ताट बाजूला सरकवलं, पदराने हात पुसले आणि भिंतीला पाठ लावून नीट बसली. "आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "सावकाश. तो माइकसमोर आला तिथून."