जाधवकाकांची झांज आणि दोन डॅक

"हे डबडं बदलून दे," असं म्हणत जाधवकाकांनी करंगळीएवढा डॅक माझ्या काउंटरवर ठेवला. "ह्यात दम नाय. झांज वाजते का कोण पोतं झटकतंय, तेच कळत नाय."

मी महाडच्या बाजारात ऑडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. अॅम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकर, हेडफोन. नदीचा भरवसा नाही, म्हणून सगळं सामान छातीच्या वरच्या फळ्यांवर. खाली मी आणि माझं स्टूल. गिऱ्हाईक येतं ते मशीनची तक्रार घेऊन, आणि बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं. वायर सैल असते, सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर मालकच चुकलेला असतो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहायला हरकत नाही. पण ती जाधवकाकांना लावायची माझी छाती नव्हती.

काका तुडीलच्या बौद्धवाडीतले. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कंप्रेसर ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. वाडीची गायन पार्टी त्यांनी उभी केली. आता गळा राहिला नाही, म्हणून गात नाहीत, पण पार्टीचा कान तेच. हार्मोनियम उतरली की तेच सांगणार, ढोलकीची शाई कमी पडली की तेच सांगणार. पार्टीचं कुठलंही गाणं बाहेर जायच्या आधी काकांना ऐकवायचं, आणि त्यांनी "चालेल" म्हटल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा तिथला रिवाज. त्यांनी मान हलवली की परत वाजवायचं. का, ते विचारायचं नाही.

आता पार्टीनं जयंतीसाठी गाणी रेकॉर्ड केली होती. शेवटचं मिक्सिंग काका लॅपटॉपवर स्वतः करत होते. मिक्सिंग म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं, कुठलं किती बारीक, ते ठरवणं. या वयात माणूस हे शिकला, याचं मला कौतुक होतं.

डॅक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये गाणं नुसत्या आकड्यांच्या रूपात असतं. आकडे कानाला ऐकू येत नाहीत. त्या आकड्यांचा विजेचा प्रवाह करून हेडफोनला देणारं यंत्र म्हणजे डॅक. प्रत्येक मोबाइलमध्ये किंवा त्याच्या वायरीत तो कुठेतरी असतोच. वेगळा घ्यायचा तर स्वस्तातला बोटभर येतो, हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशात. महागातला शाळेच्या पाटीएवढा येतो आणि त्याच्या किमतीत बरी मोटरसायकल येते. या दोघांत फरक किती, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांचे कपडे फाडतात.

काकांना तो महागातला हवा होता. पुण्याच्या माझ्या डीलरनं एक पीस डेमोसाठी पाठवला होता. मी उगाच काकांपाशी त्याबद्दल बोलून बसलो होतो.

काका यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला होता. ती पोलादपूरला शाळेत शिकवते.

"दादा, बाबांनी केलेलं मिक्स कुणाला आवडत नाहीये. झांज नुसती कानात घुसते. ढोलकी वाजवणारा मिलिंद दोनदा बोलला, तर बाबा म्हणाले, तुमचे कान मोबाइलनं बिघडलेत. परवा पार्टीत बोलणं झालं, मिक्स महाडच्या स्टुडिओत देऊ म्हणून. बाबा जेवले नाहीत त्या दिवशी."

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा त्यांना. आमचं नाही ऐकणार. सोनारानंच कान टोचलेले बरे."

झांज कमी ऐकू येते म्हणून माणूस ती वाढवतो, आणि बाकीच्यांना ती टोचते. याचा अर्थ दुकानदाराला कळायला हवा, आणि मला कळला होता. पण काका बोलणं सगळं नीट ऐकायचे. हाक मारली की वळायचे. मी मनाची समजूत घातली की हेडफोन खराब असेल.

तेवढ्यात डीलरचाही फोन.

"काय साहेब, माझा पीस विकला का?"

"उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग ऐकवा आणि खपवा. ऐकवताना आवाज थोडा वर ठेवा. शंभरातला एकही परत जात नाही."

ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती. दोन मशीनं एकापाठोपाठ ऐकवली आणि एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर माणूस त्याला मोठा म्हणत नाही. "स्वच्छ" म्हणतो, "खुला" म्हणतो, "जिवंत" म्हणतो. महाग डॅकची ताकद जास्त असते, तो आपोआपच मोठा वाजतो. विकणाऱ्याला खोटं बोलायचीही गरज पडत नाही.

काका आले, बरोबर प्रज्ञा. काकांनी स्वतःचा हेडफोन आणला होता. मी तो आधी दुसऱ्या लॅपटॉपवर तपासला. निर्दोष. मग पार्टीचंच गाणं लावलं, आधी छोट्या डॅकवर, मग मोठ्यावर. आवाज जुळवला नव्हता, मुद्दामच.

मोठा लागल्याबरोबर काकांचा चेहरा उजळला. "हां. हे बघ. ह्याला म्हणतात मशीन. सांगत होतो ना, डबड्यात दम नाय."

"थांबा काका, अजून टेस्ट व्हायचीय."

मी लॅपटॉपवरून एक सरळ शिट्टीसारखा आवाज सोडला आणि मल्टीमीटर लावला. वायरमन वापरतात तोच मीटर. दोन्ही डॅकमधून किती व्होल्ट येतात ते मोजलं आणि मोठ्याचा आवाज खाली आणत आणत छोट्याइतका केला. मग दोन्हींवर टॉवेल टाकला. मध्ये एक स्विचची पेटी. काकांनी माझ्याकडे पाठ करून बसायचं, मी बदलत राहणार, त्यांनी सांगायचं मोठा की छोटा.

"ही काय शाळा हाय का रे?" काका म्हणाले. पण बसले.

ते चुकले. एकदा नाही, चुकतच गेले. मी डॅक न बदलता नुसता खटका वाजवला, तरी ते म्हणाले, "हा बघ, हा मोठा." मग प्रज्ञा बसली. तिलाही ओळखता येईना. मग काकांनी स्विच हातात घेतला आणि मला बसवलं. वीस वर्षं या धंद्यात घालवलेला मी, मीही नापास. काका मनापासून हसले. त्या दिवशीचं ते शेवटचं हसणं.

म्हणजे महाग डॅक फसवाच असतो, असं नाही. जड हेडफोन असेल तर त्याची ताकद लागते. स्वस्तातला एखादा खरखर करतो, मोबाइल चार्जिंगला असेल तर घोंघावतो. पण चांगला स्वस्त डॅक आणि चांगला महाग डॅक, साधा हेडफोन, सारखा आवाज आणि डोळे बंद, एवढं केलं की भल्याभल्यांची दांडी गुल होते.

मी काकांना सांगितलं, "काका, पैसे वाचले तुमचे. छोटा डॅक उत्तम आहे."

मी तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण काका थांबणारे नव्हते. "मग झांज का दबते? डबडं चांगलं, हेडफोन चांगला, मग झांज कुठं जाते?"

प्रज्ञाच्या कानावर अजून हेडफोन होता. ती बोलून गेली, "बाबा, दबलेली कुठंय? कानाला भोक पडेल एवढी टोचतेय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"काय तपासायचं राहिलंय?" काकांनी विचारलं.

आता तपासायला एकच वस्तू उरली होती, आणि ती काकांना माझ्याआधी कळली होती.

"तपास," ते म्हणाले.

"काका, त्यासाठी डॉक्टर असतात. माझ्याकडं नको."

"मला आत्ता कळायला हवं. तपास."

मी शटर अर्धं खाली ओढलं. एका वायरीला दोन हेडफोन लावले, एक काकांना, एक प्रज्ञाला. शिट्टीचा आवाज खालच्या सुरापासून हळूहळू बारीक, आणखी बारीक करत न्यायचा. ऐकू येतंय तोवर हात वर. ऐकू यायचं थांबलं की हात खाली. मी माझ्यासाठी तिसरा हेडफोन लावला.

दोघांचे हात वर. सूर चढत गेला. काका डोळे मिटून बसले होते, पार्टीत बसायचे तसेच, मान किंचित डावीकडे. आणि मग त्यांचा हात खाली आला. फार लवकर आला. झांजेचा झणझणाट जिथं असतो, त्याच्या बऱ्याच अलीकडे.

त्याच क्षणी प्रज्ञानंही हात खाली घेतला.

माझ्या कानात शिट्टी स्वच्छ वाजत होती. तिच्याही वाजत असणार, ती माझ्यापेक्षा कितीतरी लहान. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. मला तिचं वाईट वाटलं, राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

काकांनी डोळे उघडले. लेकीचा खाली आलेला हात बघितला, मग तिचं तोंड.

"वाजतंय अजून?"

"नाही बाबा."

"प्रज्ञा, खरं सांग गो."

ती रडायला लागली. काकांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि काउंटरवर ठेवला.

"कंप्रेसर," ते म्हणाले. "कंपनीनं प्लग दिले होते कानात घालायला. पण ते घातले तर मशीन कसं ऐकणार? व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला की पहिलं कानाला कळतं, मीटरला मागनं. मी प्लग खिशात ठेवायचो. इंजिनियर मला विचारायचे, जाधव, काय म्हणतंय मशीन? पुऱ्या प्लांटला ह्या कानांचा भरवसा होता रे."

ज्या कानाची पार्टीत सगळ्यांना धास्ती होती, तोच कान त्यांनी रोज पाळीभर त्या गडगडाटात उघडा ठेवला होता. तो चांगला होता म्हणूनच त्याला शिक्षा झाली. असा हिशेब कुणी मांडला असेल तर त्याला माझ्यासमोर आणावं.

प्रज्ञा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तो मोठा डॅक द्या त्यांना. बरं वाटेल. पैसे मी देते."

"नाही," मी म्हणालो. "घरी नेऊन परत झांज वाढवतील, आणि मग माझ्या मशीनला शिव्या देऊन दुसरं शोधतील. किती मशीनं आणशील?"

काकांना बहुतेक आमचं बोलणं कळलं. माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येतच होतं. ते पायरी उतरले आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

नंतर डॉक्टरांनी तेच सांगितलं. आतली नस गेली आहे, परत येणार नाही. कानाला मशीन लावलं तर बोलणं ऐकायला सोपं जाईल, गाण्याचं सांगता येत नाही. डीलरला त्याचा पीस परत पाठवला. त्यानं विचारलं, "गिऱ्हाईक का फिरलं?" मी म्हणालो, "मशीनमध्ये दोष सापडला नाही म्हणून." त्याला काही कळलं नाही आणि मी समजावलंही नाही.

मिक्स मिलिंदनं केलं. जयंतीच्या आधी तो आणि प्रज्ञा काकांना घेऊन माझ्या दुकानात आले, कारण काकांनी "चालेल" म्हटल्याशिवाय गाणं बाहेर पाठवायला पार्टीतला एकही माणूस तयार नव्हता. काकांच्या कानाचं सगळ्यांना माहीत होतं, तरीही. काका नको म्हणत होते. मिलिंद ऐकेना. "तुम्ही म्हणलाव तरच पाठवायचं," तो म्हणाला. "आजपर्यंत तसंच झालंय."

तोच छोटा डॅक, तेच दोन हेडफोन. गाणं सुरू झालं. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला, आणि प्रज्ञानं त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. जिथं जिथं झांज येत होती, तिथं ती बोटं हलकेच आपटत गेली. कुणी ठरवलेलं नव्हतं. शेवटपर्यंत ते तसेच बसून होते.

गाणं संपलं. काकांनी हेडफोन काढला.

"झांज एवढीच ठेवलीस?" त्यांनी मिलिंदला विचारलं.

"एवढीच, काका."

मग ते प्रज्ञाकडे वळले. "बरोबर हाय?"

इतक्या वर्षांत मी त्यांना गाण्याबद्दल कुणाला काही विचारताना ऐकलं नव्हतं. मिलिंद जमिनीकडे बघायला लागला.

"बरोबर आहे, बाबा."

"मग चालेल," काका म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

आता महाग आणि स्वस्त डॅकची तुलना करून द्या म्हणत कुणी उतारवयातला माणूस आला, की मी आधी त्याला कान तपासून यायला सांगतो. धंद्याला ते परवडत नाही. बरेचजण चिडतात आणि दुसऱ्या दुकानात जाऊन मोठा डबा घेतात. जाधवकाका चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.